धूर ओसरू द्या: आयलाच्या पीटेड व्हिस्की टेस्टिंगला जाणाऱ्यांसाठी

ग्लासगोला राहते म्हटल्यावर मे महिना लागला की सांगली, कोल्हापूर, पुणे, मडगाव असा कुठून तरी फोन येतोच. "ताई, तिकडे येतोय. स्कॉच कशी करतात ते बघायचंय, आणि ती धुराच्या वासाचीसुद्धा चाखायचीय. नेशील ना?" नेते, आनंदाने नेते. या व्हिस्कीवर माझा जीव आहे आणि आपल्या माणसांना ती नीट भेटावी असं मला फार वाटतं. म्हणून प्रत्येकाला फोनवर जे सांगत असते ते एकदा सलग लिहून काढलं आहे.

आधी मुद्द्याचं सांगते, बाकी विसरलात तरी चालेल. पीटेड, म्हणजे पीटच्या धुरावर वाळवलेल्या बार्लीच्या व्हिस्कीचा ग्लास नाकाशी नेला की पहिल्या मिनिटाला फक्त धूर येतो, आणि बहुतेक जण त्या मिनिटालाच आपलं मत पक्कं करून टाकतात. थांबा. धूर ओसरल्यावर मागून जे येतं, ते चाखण्यासाठीच टेस्टिंगचा हा सगळा खटाटोप असतो. खाली लिहिलेलं बाकी सगळं तुम्हाला तेवढं थांबता यावं म्हणून आहे.

हा धूर कसला

व्हिस्कीसाठी बार्ली, म्हणजे जव, भिजवून मोड आणतात आणि मोड फार वाढायच्या आत भट्टीत वाळवतात. आयला या स्कॉटलंडच्या बेटावर लाकूडफाटा कमी, जमिनीत पीट मात्र भरपूर. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचत, अर्धवट कुजत गेलेलं शेवाळ, गवत आणि मुळं. त्याच्या लांबट विटा कापून वाळवतात आणि भट्टीत जाळतात. दाणा ओला असतानाच धूर सालीला धरतो. एकदा कोरडा झाला की फारसा धरत नाही. मग दळणं, आंबवणं, तांब्याच्या भांड्यात दोनदा ऊर्ध्वपातन आणि ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं. २००९ च्या स्कॉच व्हिस्कीच्या कायद्यात ही तीन वर्षं आणि किमान ४० टक्के अल्कोहोल दोन्ही लिहिलेलं आहे. सिंगल मॉल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीची आणि निव्वळ मॉल्ट केलेल्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीची.

धुरातून दाण्यात जे उतरतं ते फिनॉल नावाच्या रसायनांच्या कुळातलं, आणि इथे माझा पेशा उपयोगी पडतो. मी दातांची डॉक्टर. डेंटल कॉलेजात लहान मुलांच्या दुधाच्या दातांवर उपचार करताना फॉर्मोक्रेसॉल नावाचं औषध वापरायचो. त्यातलं क्रेसॉल आणि आयलाच्या काही व्हिस्कींमधला दवाखान्याचा वास एकाच घरातले. तात्पुरत्या भरणातलं लवंगतेलाचं युजेनॉल पिंपाच्या ओक लाकडातूनही येतं. शुद्ध धुराचा, जळक्या लाकडाचा वास असतो तो ग्वायकॉलचा. लोक ज्याला आयोडीनचा वास म्हणतात तोही बहुतांशी या फिनॉल मंडळींचाच असतो, ग्लासात कुणी आयोडीन घालत नाही. हे माहीत असलं की "औषधासारखी लागते" म्हणून ग्लास दूर सारावासा वाटत नाही. वासाला नाव मिळतं, आणि नाव मिळालेल्या वासाच्या पुढे जाता येतं.

जायचं कुठे आणि कसं

पीटेड व्हिस्की स्कॉटलंडमध्ये बऱ्याच ठिकाणी होते. स्काय बेटावरची टॅलिस्कर, ऑर्कनीची हायलंड पार्क, मल बेटावरची लेडेग, कॅम्पबेलटाउनची लाँगरो, सगळ्या आपापल्या परीने सुंदर. पण पहिल्यांदा जाताय तर आयलालाच जा. स्पेलिंगमध्ये एस असला तरी उच्चार आयला. दक्षिण किनाऱ्यावर लाफ्रॉइग, लागाव्हूलिन आणि आर्डबेग या डिस्टिलऱ्या एका रांगेत आहेत, तिघी १८१५-१६ च्या. बोमोर त्याच नावाच्या गावात, समुद्राला टेकून, १७७९ पासूनची. उत्तरेकडे कल ईला आणि बुनाहाव्हन, पश्चिमेला ब्रुकलॅडी आणि शेतातच उभी राहिलेली, २००५ ची किलहोमन. पोर्ट एलन १९८३ मध्ये बंद पडली होती, ती २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली.

ग्लासगोहून विमानाने पाऊण तास लागतो. गाडीने गेलात तर लॉक लोमंडच्या काठाने केनाक्रेगपर्यंत अडीच-तीन तास आणि पुढे फेरीबोट दोन तासांच्या आसपास. फेरीत गाडी न्यायची असेल तर तिची जागा फार आधी धरा. हवा बिघडली की फेरी रद्द होते, त्यामुळे परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी बेटावर राहू नका, एक दिवस हाताशी ठेवा. मेच्या अखेरीस फेश ईला नावाचा मोठा उत्सव असतो, रोज एकेका डिस्टिलरीचा दिवस. वातावरण फार छान असतं, पण शांतपणे शिकायचं असेल तर ते दिवस टाळा. राहायला खोलीही मिळत नाही.

टेस्टिंग करणाऱ्याने गाडी चालवायची नाही, यावर माझ्याकडे चर्चा नसते. स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २०१४ पासून मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम आहे, उरलेल्या ब्रिटनपेक्षा कडक. (आपल्याकडे कायद्यात ती ३० आहे, हे किती जणांना ठाऊक असतं?) चालकाला काही ड्रामविना, म्हणजे व्हिस्कीच्या घोटाविना, राहावं लागत नाही. काउंटरवर "ड्रायव्हर्स ड्राम" मागा; त्याच्या वाट्याची व्हिस्की छोट्या बाटल्यांत भरून देतात, ती रात्री खोलीवर घ्यायची. त्याहून उत्तम म्हणजे चालत जाणं. पोर्ट एलन गावातून निघणारी पायवाट लाफ्रॉइग, लागाव्हूलिन करत आर्डबेगला पोचते, साधारण पाच किलोमीटर, सपाट, एका बाजूला समुद्र. साठीच्या मावशीसुद्धा माझ्याबरोबर आरामात चालल्या आहेत. तिन्हीकडे टेस्टिंग मात्र एकाच दिवशी लावू नका. एकीकडे बसा, उरलेल्या दोन बाहेरून बघा.

कुठलं टेस्टिंग निवडायचं

प्रकार ढोबळमानाने तीन. टूरच्या शेवटी एक-दोन घोट देतात तो पहिला. टेबलाशी बसवून चार-पाच ग्लास ओळीने मांडतात आणि मार्गदर्शक एकेक समजावून सांगतो तो दुसरा. तिसरा गोदामातला: थंड, ओलसर अंधारात पिंपांमध्ये बसायचं आणि व्हॅलिंच नावाच्या लांब नळीने थेट पिंपातून काढलेली व्हिस्की चाखायची. गोदामाचं आकर्षण सगळ्यांनाच असतं, मलाही आहे. पण पिंपातली व्हिस्की पाणी न घातलेली असते, ५५ टक्क्यांच्या पुढेसुद्धा. सवय नसेल तर दुसऱ्या ग्लासाला जीभ बधिर होते आणि पुढचे तिन्ही एकसारखे लागतात. पहिल्या खेपेला टेबलावरचंच घ्या. ते जमलं, आवडलं, तर दुसऱ्या दिवशी गोदाम.

शक्य असेल तिथे टूरही जोडून घ्या, विशेषतः लाफ्रॉइग, बोमोर किंवा किलहोमनला. या डिस्टिलऱ्या आपल्या बार्लीचा काही हिस्सा आजही स्वतःच्या जमिनीवर पसरून मोडवतात. मोड आलेल्या धान्याची जाड बिछायत, ती उलथायची लाकडी फावडी, खाली धुमसणारी भट्टी हे डोळ्यांनी बघितलं की पुढे ग्लासातला धूर परका राहत नाही. मार्गदर्शक मूठभर धुरावलेला मॉल्ट हातावर ठेवेल. दोन दाणे जरूर चावा. मॉल्ट ठिसूळ असतो, दाताला त्रास नाही. आधी गोड लागतो, मग दाढांपाशी राख येते. तोंडात येणारा हा क्रम लक्षात ठेवा, ग्लासात तो बरोबर उलटा भेटणार आहे: आधी राख, मागून गोडी.

त्या दिवशी सकाळी

अत्तर, परफ्यूम, उग्र डिओ आणि वासाचं केसांचं तेल नको. तुमच्यासाठी नाही म्हणत, शेजारी बसलेल्यासाठी म्हणते आहे. दात सकाळी लवकर घासा. पुदिन्याचा गारवा बराच वेळ टिकतो, शिवाय बऱ्याच टूथपेस्टमध्ये सोडियम लॉरिल सल्फेट असतं, त्याने काही काळ गोडाची चव दबते आणि कडू जास्त जाणवतं. घासल्याघासल्या संत्र्याचा रस कडवट लागतो तो त्यामुळेच. माउथवॉश तर नकोच. पान, सुपारी, गुटखा, सिगारेट बंद.

पोट भरलेलं हवं, पण सौम्य अन्नाने. ओट्सची लापशी, अंडी, ब्रेड, भात चालेल. सामानातून आणलेला ठेचा आणि लोणचं संध्याकाळसाठी ठेवा. मिरचीने तोंडातला जो संवेदक पेटतो, त्यालाच अल्कोहोलही चेतवतं. सकाळी ठेचा खाऊन बसलात तर प्रत्येक घोट दुप्पट झोंबेल आणि झोंबण्यापलीकडचं काहीच कळणार नाही.

आता डॉक्टर म्हणून. दातासाठी किंवा पोटासाठी मेट्रोनिडाझोल चालू असेल तर टेस्टिंग पुढे ढकला. गोळ्या संपल्यावरही दोन-तीन दिवस दारू नको. भारतातून निघताना "पोट बिघडलं तर असू दे" म्हणून लोक हीच गोळी बरोबर आणतात आणि वाटेत घेतातही, म्हणून मी सगळ्यांना मुद्दाम विचारते. नुकताच दात काढला असेल तर जखम भरेपर्यंत नको. मधुमेहाच्या, झोपेच्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारून या. गरोदर असाल तर वासावरच भागवा. नाकाने घेण्यातसुद्धा पुष्कळ मजा आहे, हे मी अगदी खरं सांगते.

प्रमाणाचा अंदाज असू द्या. ब्रिटनमध्ये १० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोलला एक युनिट धरतात आणि आठवड्याला १४ च्या वर जाऊ नये असा सरकारी सल्ला आहे. ५५ टक्क्यांचे पाच ग्लास, प्रत्येकी १५ मिलिलिटर, म्हणजे चार युनिटं झाली. आपल्याकडचा ६० चा लार्ज, ४२.८ टक्क्यांचा, अडीच युनिटांचा. ग्लासात तळाशी एवढीशी दिसते म्हणून "बस, इतकीच?" असं म्हणून आणखी मागू नका. चाखायला तेवढी भरपूर असते.

ग्लास समोर आल्यावर

खाली फुगीर, वर निमुळता असा ग्लास मिळेल. रंग बघा, पण त्यावरून काही ठरवू नका. स्कॉचमध्ये साखर जाळून केलेला रंग घालायला कायद्याने परवानगी आहे, त्यामुळे गडद म्हणजे जुनी किंवा चांगली असं नसतं. फिक्या गवती रंगाची आर्डबेग टेन (टेन म्हणजे पिंपात दहा वर्षं) चाखून बघा म्हणजे पटेल.

ग्लास थेट नाकात खुपसायचा नाही. आधी हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा, आणि छोटासा श्वास घ्या. तोंड उघडं असलं की अल्कोहोलचा झटका कमी बसतो. मग ग्लास हळूहळू वर आणा. वाइनसारखा गरगर फिरवू नका, त्याने अल्कोहोलच आधी उसळतं. एकदा तिरका करून सरळ केला की पुरे. एक नाकपुडी, मग दुसरी. दोघींना वेगळं सापडतं. नाक थकलं की आपल्याच बाहीचा किंवा कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्या. रोजचा ओळखीचा वास नाकाला पुन्हा जागेवर आणतो.

आणि मग ग्लास खाली ठेवा.

माझा आत्येभाऊ सांगलीहून आला होता तेव्हाचं सांगते. लाफ्रॉइग दहाचा ग्लास नाकाशी नेला आणि लगेच मागे सरला. "ताई, हा तर तुझ्या दवाखान्याचा वास!"

"बरोबर ओळखलंस. आता ठेव खाली आणि पाच मिनिटं हात लावू नकोस."

"पाच मिनिटं काय करू?"

"त्या बाई काय सांगतायत ते ऐक."

मार्गदर्शक बाई बेटावरच्याच, पीट कापण्याबद्दल सांगत होत्या. पाच मिनिटांनी त्याने पुन्हा ग्लास उचलला, आणि या वेळी मागे सरला नाही. बराच वेळ हुंगत राहिला. "दवाखाना आहे अजून, पण लांब गेलाय. व्हॅनिला येतोय. आणि आपल्याकडे बाजारात सुकट विकायला बसतात ना, तिथला वास." मी त्याला ते तसंच कागदावर लिहायला लावलं.

यात नशिबाचा भाग नाही. नाकाला एकच जोरकस वास सतत मिळाला की ते त्याची दखल घेणं कमी करतं. स्वयंपाकघरात फोडणीचा वास आतल्याला कळत नाही, बाहेरून आलेल्याला कळतो, तोच नियम. फिनॉलची दखल कमी झाली की त्याच्याखाली दबलेली फळं, लिंबू, मध, व्हॅनिला वर येतात. त्यासाठी हुशारी लागत नाही, वेळ लागतो, आणि गटातल्या टेस्टिंगला नेमकी त्याचीच चणचण असते. मार्गदर्शक पुढच्या ग्लासाकडे वळला तरी तुम्ही मागचा ग्लास संपवायला बांधील नाही. अर्धा ठेवा. शेवटी पुन्हा पहिल्यापासून फिरून या.

पहिला घोट अगदी थेंबभर घ्या, तोंडाला कल्पना देण्यापुरता. त्याच्यावरून मत बनवायचं नाही. दुसरा घोट जिभेवर सर्वत्र फिरवा, हिरड्यांपर्यंत जाऊ द्या, आठ-दहा सेकंद ठेवा, गिळा, आणि तोंड मिटून नाकाने सावकाश श्वास सोडा. घशामागून नाकात जाणारी जी वाट आहे, तिथून अर्ध्याहून जास्त कळतं. ज्यांना "मला फक्त जळजळ कळली" असं वाटतं, त्यांचा बहुतेक वेळा हा उच्छ्वास राहिलेला असतो. धुराची राख जिभेच्या मागच्या भागात किती वेळ रेंगाळते ते बघा. चांगल्या लागाव्हूलिनला ती एवढी रेंगाळते की पुढचा घोट घ्यायची घाईच होत नाही.

पाणी घालण्यात कमीपणा नाही. छोटा ड्रॉपर किंवा जग ठेवलेला असतो. आधी तशीच चाखा, मग दोन-तीन थेंब, मग पुन्हा नाक. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनेअस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी संगणकावर याचं गणित मांडून दाखवलं: अल्कोहोलचं प्रमाण फार असेल तर ग्वायकॉल द्रवात आत मिसळून राहतं, पाण्याने प्रमाण कमी झालं की पृष्ठभागाकडे येतं, म्हणजे नाकाजवळ. बर्फ मात्र नको, गारठलेली व्हिस्की गप्प होते. बाटलीत भरण्यापूर्वी गारठवून गाळलेली नसेल अशा व्हिस्कीत पाणी पडलं की ती किंचित गढूळ दिसते. बिघडली नाही, त्यातली स्निग्धं मोकळी होतात. सोडा आणि कोक घरी हवा तर घाला, तुमची व्हिस्की, तुमचा ग्लास. इथे मागू नका. चकणाही नाही, तोंड साफ करायला साधं पाणी आणि ओटकेक, म्हणजे ओट्सची बिस्किटं.

नोंदी स्वतःच्या नाकाने लिहा. मार्गदर्शक हेदर (इथल्या माळावरचं झुडूप), किपर (धुरावलेला हेरिंग मासा) आणि समुद्री शेवाळ म्हणेल. तुम्ही हुरड्याची आगटी, कापराची वडी, टिंक्चर, पहिल्या पावसानंतरचं विझलेलं चुलाण असं लिहा. पुढच्या वर्षी कागद उघडाल तेव्हा तेच तुम्हाला परत आठवेल. मार्गदर्शकालाही सांगा. माझ्यासमोर एकदा कुणीतरी "भाजलेल्या वांग्याचं जळकं साल" म्हणाल्यावर त्या गृहस्थांनी वांगं कसं भाजतात ते सविस्तर विचारून घेतलं.

चाखायचा क्रम डिस्टिलरीवाल्यांनी विचार करून लावलेला असतो, तो मोडू नका. हलक्याकडून धुराकडे. भैरवी झाल्यावर कुणी यमन गात नाही. आणि ग्लास रिकामा झाला की लगेच परत करू नका. दहा मिनिटांनी कोरड्या ग्लासाचा वास घ्या. अल्कोहोल उडून गेलेलं असतं आणि काचेवर नुसतं पीट राहतं, कधी कधी भरल्या ग्लासापेक्षा स्पष्ट.

पीपीएमच्या आकड्याचं वेड

टेबलावर कुणीतरी हमखास विचारतं, "हिचं पीपीएम किती?" फिनॉलचं प्रमाण दशलक्षात किती, ते हा आकडा सांगतो. बोमोरचं साधारण २५, लागाव्हूलिनचं ३५, लाफ्रॉइगचं ४० ते ४५, आर्डबेगचं ५५. ब्रुकलॅडीच्या ऑक्टोमोर मालिकेत ८.३ या क्रमांकाच्या बाटलीवर ३०९.१ होतं. पण हे मोजमाप वाळवलेल्या बार्लीतलं आहे, ग्लासातलं नाही. दळताना, आंबवताना, ऊर्ध्वपातनात बराच भाग गळतो आणि पिंपात वर्षं जातात तसा धूर आणखी मवाळ होतो.

याचा उत्तम धडा म्हणजे लागाव्हूलिन आणि कल ईला. दोघींचा मॉल्ट पोर्ट एलनच्या एकाच मॉल्टिंगमधला (बार्लीला मोड आणायच्या कारखान्यातला), धूरही साधारण तेवढाच. तरी लागाव्हूलिन सोळा जड, गोडसर, विस्तवाजवळ बसल्यासारखी, तर कल ईला बारा हलकी, लिंबाची, तेलकट. फरक पडतो भांड्यांच्या आकाराने, ऊर्ध्वपातनाच्या गतीने आणि भांड्यातून येणाऱ्या धारेचा मधला भाग कुठे तोडून घेतला त्याने. फिनॉल ऊर्ध्वपातनात उशिरा येतात. उशिरापर्यंत धार घेत राहिलात तर दवाखाना जास्त, लवकर तोडलीत तर फळं जास्त. आर्डबेगला भांड्याच्या नळीवर प्युरिफायर आहे, तो जड वाफ परत खाली पाठवतो, म्हणूनच ५५ चा आकडा असून ती एवढी गोड लागते. मार्गदर्शकाला आकडा विचारण्याऐवजी "धार कधी तोडता?", "पिंप पहिल्यांदा भरलेलं की पुन्हा वापरलेलं?" असं विचारा. त्यांचा चेहरा खुलतो आणि टेस्टिंग पंधरा मिनिटं लांबतं.

बायकांसाठी एक. "तुला हलकी देऊ का?" असं आपल्याच गटातला कुणीतरी म्हणतो. त्याला बेसी विल्यमसनची गोष्ट सांगा. ग्लासगो विद्यापीठाची ही पदवीधर १९३४ मध्ये लाफ्रॉइगला उन्हाळ्यापुरती टायपिस्ट म्हणून आली, आणि १९५४ मध्ये मालक इयन हंटर वारले तेव्हा डिस्टिलरी तिच्या नावावर ठेवून गेले. ज्या व्हिस्कीला लोक सगळ्यात रांगडी म्हणतात, ती पुढची कित्येक वर्षं या बाईने चालवली.

निघण्याआधी घरी सराव, आणि येताना बाटली

गोव्यात जाणं असेल तर पॉल जॉनची बोल्ड घेऊन बघा. कुंकळ्ळीला होते, तिच्या मॉल्टला आयलाहून आणलेलं पीट वापरतात. बंगळुरूच्या अमृतची पीटेडही चांगली. अमृत पहिल्यांदा बाजारात आली तीच ग्लासगोत, २००४ मध्ये, याचा मला इथे राहून अभिमान वाटतो. आपल्या उष्णतेत पिंपातून व्हिस्की फार वेगाने उडते आणि लाकूड लवकर उतरतं. तोच धूर गरम हवेत कसा वाढतो आणि थंड समुद्री हवेत कसा, हा फरक नाकात घेऊन आयलाला गेलात तर तिथल्या ग्लासांत दुप्पट सापडेल. चार मित्र जमवा, चार ग्लास मांडा, त्यातला एक बिनधुराचा ठेवा, आणि ग्लास खाली ठेवून पाच मिनिटं थांबायची सवय तिथेच लावून घ्या.

येताना, विमानतळावर कुठेही मिळणारी दहा वर्षांची बाटली डिस्टिलरीतून उचलू नका. तिथेच मिळणारी, एका पिंपाची, नाहीतर छोट्या आकाराची बाटली घ्या. चेक-इन सामानात २४ ते ७० टक्के अल्कोहोलची सीलबंद दारू माणशी पाच लिटरपर्यंत चालते, पण भारतीय कस्टमची सवलत दोन लिटरचीच आहे. ड्यूटी फ्रीमधून घेतलीत तर दुबई-दोहाला विमान बदलेपर्यंत ती सीलबंद पिशवी उघडू नका. घरी बाटली उभी ठेवा, आडवी ठेवली तर बूच खराब होतं. उन्हापासून दूर, शक्यतो खोक्यातच. अर्ध्याखाली आली की आतली हवा धुराला हळूहळू खाऊ लागते. तेव्हा जपून ठेवू नका, माणसं बोलवा आणि संपवा.